खाऱ्या टाकीतले मासे एकाएकी का मरतात

खाऱ्या पाण्याच्या टाकीत रात्री नीट खाल्लेला मासा सकाळी तळाशी आडवा पडलेला दिसतो, तेव्हा कारणाचा शोध बहुधा त्या मेलेल्या माशापासूनच सुरू केला जातो. खरे तर तो सर्वांत दुबळा पुरावा असतो. सत्तावीस अंशांच्या पाण्यात शव काही तासांत कुजू लागते, कल्ल्यांचा रंग उतरतो, अंगावरचे परजीवी यजमान सोडून जातात आणि शवातून सुटणारा अमोनिया पाण्याचे मूळ चित्रच बदलून टाकतो. त्याहून अधिक माहिती मिळते ती मृत्यूंच्या क्रमातून. आधी कोण मेले, सगळे संपायला किती वेळ लागला आणि मुख्य म्हणजे कोण जिवंत राहिले, हे टिपून ठेवले तर अर्धे काम तिथेच होते.

याचसाठी एक सवय मोडायला हवी. मासे मेलेले दिसले की पहिली धाव पाणी बदलण्याकडे असते. जगलेल्या माशांसाठी ते करावेही लागते, पण त्याआधी टाकीतले लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत, तोंडापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून बाजूला ठेवायला एक मिनिट पुरते. ते पाणी एकदा मोरीत गेले की कारणाचा शोध अंदाजावर येतो, आणि पुढच्या महिन्यात नवे मासे त्याच कारणाने मरतात.

मुंबईत १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, समुद्राला लागूनच होते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या बेळगावची गोष्ट वेगळी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व अंगाला. समुद्र गाठायचा तर चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरून जायचे. निपाणी आणखी आत. इथल्या दोनशे लिटरच्या मरीन टाकीत पाणी नळाचे किंवा बोअरचे, मीठ पाकिटातले आणि मासे चेन्नई-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेले. समुद्रात पाणी अफाट असल्यामुळे तापमान, क्षार आणि सामू, म्हणजे पीएच, सहसा एका तासात बदलत नाहीत, आणि प्रवाळ खडकांतला मासा त्या स्थैर्यावरच घडलेला असतो. टाकीत ते स्थैर्य माणसाने आणि विजेने राखायचे असते. म्हणून सीमाभागातल्या टाकीचा विचार प्राणवायूपासून सुरू करणे योग्य ठरते.

खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात ६.७ च्या आसपास. तापमान ३० अंशांवर गेले की खाऱ्या पाण्यातला आकडा ६.२ वर येतो. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. बेळगावच्या उंचीवर हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो आणि त्याच प्रमाणात विरघळणारा प्राणवायूही घटतो. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी बेळगावच्या टाकीत पूर्ण हवा खेळती असतानाही साडेपाच मिलिग्रॅमच्या थोडेच वर उरते. त्याच वेळी गरम पाण्यामुळे माशाचा चयापचय वाढलेला असतो, त्याला प्राणवायू अधिक लागतो. गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशवर हात बसलेल्या माणसाला ही तफावत लक्षात येत नाही. तितक्याच लिटरमध्ये तितकेच मासे सोडले जातात आणि टाकी सुरुवातीपासूनच काठावर राहते.

त्यात वळवाचा पाऊस येतो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी वादळ सुटते, झाडाची फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. पंप थांबला की पाण्याचा पृष्ठभाग हलायचा थांबतो, हवेतला प्राणवायू आत शिरणे मंदावते. पण मासे, शेवाळ, टाकीतल्या समुद्री खडकांमधले (लाइव्ह रॉक) जिवाणू असे सगळेच श्वास घेत राहतात. रात्री दिवा बंद असल्यामुळे शेवाळही प्राणवायू देत नाही, उलट घेते. म्हणून प्राणवायूच्या तुटीने होणारे मृत्यू बहुतेक पहाटे होतात. याची खूण ठरलेली आहे. मोठे मासे आधी जातात, डॅमसेलसारखे लहान मासे मागे राहतात, आणि जिवंत असलेले मासे पृष्ठभागाशी येऊन कल्ले फाकवून वेगाने श्वास घेताना दिसतात. मेलेल्या माशांचे तोंड पुष्कळदा उघडे असते.

वीज परत आल्यावरही धोका संपत नाही. बाहेर बसवलेल्या बंद डब्याच्या, म्हणजे कॅनिस्टर फिल्टरमधले जिवाणू आतल्या थोड्याशा पाण्यातला प्राणवायू लवकर संपवतात आणि स्वतःच मरू लागतात. काही तासांनी पंप आपोआप सुरू झाला की डब्यातले सडके पाणी एका दमात टाकीत येते. लाईट गेलेली असताना तग धरलेले मासे लाईट आल्यावर मरतात, ते यामुळे. लांबलेल्या खंडानंतर डबा उघडून, पाणी ओतून, माध्यम टाकीच्याच पाण्यात खळबळून मगच तो जोडायचा. बॅटरीवरचा साधा एअर पंप मरीन टाकीच्या कुठल्याही महागड्या उपकरणाआधी घ्यावा, हे सीमाभागात तरी निःशंकपणे म्हणता येते.

प्राणवायूच्या तुटीचे मोठे रूप या भागातल्या लोकांनी नदीकाठी पाहिलेले आहे. पंचगंगेवर तेरवाडसारख्या बंधाऱ्यांशी मेलेल्या माशांचा खच साचल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यात सांडपाणी आणि मळीसारखा सेंद्रिय भार येतो, तो कुजवताना जिवाणू प्राणवायू खाऊन टाकतात आणि मासे गुदमरतात. हीच पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे बेळगाव जिल्ह्यात शिरते. खुद्द समुद्रही यातून सुटलेला नाही. गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो आणि काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही आढळतो. टाकीत खाद्य जास्त पडले, एखादा मासा खडकामागे मरून कुजला, की तीच प्रक्रिया दोनशे लिटरमध्ये घडते.

प्राणवायूनंतरचा संशयित अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप बरेच निरुपद्रवी, मुक्त अमोनिया हे रूप जहाल. दोहोंचे प्रमाण सामूवर ठरते. सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का जहाल रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास. तिथे हे प्रमाण सात टक्क्यांच्या घरात जाते. टेस्ट किटवर गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही टाक्यांत रंग सारखाच आला तरी खाऱ्या टाकीत विष दहापटीहून जास्त असू शकते.

नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू पुरेसे नसतात. ते स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणले तर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत मासे जाणे जवळपास ठरलेले असते. नायट्राइटबद्दल मात्र गोड्या पाण्यातला अनुभव इथे दिशाभूल करतो. गोड्या पाण्यात नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरते, रक्त तपकिरी होते आणि मासा गुदमरतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते आणि ते नायट्राइटला कल्ल्यांशीच अडवते. त्यामुळे मरीन टाकीत थोडे नायट्राइट सापडले म्हणून त्यालाच दोषी ठरवून थांबणे ही चूक आहे. खरे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

अमोनियाचा सर्वांत फसवा खेळ प्रवासाच्या पिशवीत चालतो. चेन्नईहून बेळगावला येणारा मासा पंधरा-वीस तास किंवा त्याहून अधिक वेळ बंद पिशवीत असतो. श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठत जातो, त्याने सामू घसरतो, आणि साठलेला अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अमोनियम रूपात राहतो. म्हणजे पिशवी बंद आहे तोवर मासा एका परीने सुरक्षित असतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू वर चढतो आणि तेच अमोनियम मुक्त अमोनियात बदलते. अशा वेळी पिशवी उघडी ठेवून दीड-दोन तास थेंब-थेंब टाकीचे पाणी सोडत बसणे म्हणजे माशाला वाढत्या विषात ठेवणे होय. कल्ले त्यात भाजून निघतात. मासा त्या दिवशी मरत नाही, दोन-तीन दिवसांनी मरतो आणि दोष टाकीच्या पाण्याला दिला जातो. लांबचा प्रवास करून आलेल्या माशासाठी पिशवी बंद असतानाच टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग उघडून पटकन त्याच क्षारतेच्या तयार पाण्यात मासा जाळीने हलवावा. पिशवीतले पाणी टाकीत अजिबात ओतू नये. शहरातल्याच दुकानातून तासाभरात आणलेल्या माशाला सावकाश सवय करून देणे ठीक आहे.

क्षारतेचे गणित सोपे, तरी दुर्लक्षित. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते. दोनशे लिटरच्या टाकीतून दहा लिटर उडाले तर दर हजारी ३५ असलेली क्षारता ३७ च्या जवळ पोचते. उन्हाळ्यात पंखा लावून टाकी थंड ठेवणाऱ्या घरात एवढे पाणी बघता बघता कमी होते. त्या जागी गोडेच पाणी घालायचे असते. खारे घातले की क्षारता चढत जाते. समुद्री मासा गमावलेले पाणी भरून काढण्यासाठी सतत समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. क्षारता एकदम वाढली की ही यंत्रणा मागे पडते आणि शरीर आतून सुकते. कमी होणारी क्षारता मासे तुलनेने बरी सोसतात. स्वयंपाकाचे मीठ किंवा खडेमीठ घालून केलेले पाणी चवीला खारट असले तरी समुद्राचे नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सामू टिकवणारे क्षार पुरेसे नसतात. वेंगुर्ला किंवा गोव्याहून कॅनमध्ये समुद्राचे पाणी आणणारे हौशी लोक आहेत. उन्हाळ्यात, खाडीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी भरलेले पाणी चालू शकते, पण जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यालगतच्या पाण्यात नद्यांचे गोडे, गढूळ पाणी मिसळलेले असते.

नळाच्या पाण्यातला क्लोरिन हा वेगळाच धोका. पिण्याच्या पाण्यात नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरावा असे भारतीय मानक सांगते, आणि माणसाला सुरक्षित असलेले तेवढे प्रमाण माशाचे कल्ले जाळायला पुरते. पाणी बदलल्यापासून तासाभरात मासे सैरावैरा धावून मेले तर संशय आधी इथेच घ्यावा. आरओचे पाणी, नाहीतर सोडियम थायोसल्फेट, ज्याला दुकानात अँटीक्लोरिन म्हणतात, एवढे त्यावर पुरते.

घरातल्या हवेतून येणाऱ्या विषाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. डासांची अगरबत्ती, लिक्विडचे यंत्र, झुरळांचा फवारा यांत पायरेथ्रॉइड वर्गाची कीटकनाशके असतात; माणसाला त्यांचा त्रास कमी, पण मासे आणि त्याहून कोळंबी-खेकडे यांना ती अत्यल्प प्रमाणातही मारतात. निपाणीत याला आणखी एक पदर आहे. हे तंबाखूचे गाव. वखारीतली धूळ कपड्यांवर, हातांवर, घराच्या हवेत असते. विड्या वळणे तर कित्येक घरांत ओसरीवरच चालते. निकोटिन पाण्यात सहज विरघळते आणि माशांना विषारी आहे. अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लिटरभर पाण्यामागे साधारण एक ओढून टाकलेले सिगारेटचे थोटूक, एवढ्या प्रमाणात भिजवलेल्या अर्काने चार दिवसांत निम्मे मासे मेले. तपासलेल्या दोन जातींपैकी एक समुद्री होती. तंबाखू हाताळलेला हात टाकीत घालण्याआधी साबणाने धुऊन, साबण पूर्ण जाईपर्यंत खळखळून घेणे आणि एअर पंप वखारीच्या किंवा विड्या वळण्याच्या जागेपासून दूर, शक्यतो खिडकीबाहेरच्या स्वच्छ हवेत ठेवणे, ही निपाणीत चैन नसून गरज आहे.

विषबाधेची खूण मृत्यूंच्या यादीत दिसते. कोळंबी, खेकडे, गोगलगायी आधी गेल्या आणि मग मासे गेले तर कीटकनाशक किंवा तांबे. परजीवी रोगात नेमके उलटे होते. मासे मरतात, कोळंबी मात्र खडकावर निवांत फिरत असते. तांबे टाकीत येते ते बहुधा औषधातून. परजीवींवर लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम मुक्त तांबे हा जुना, परिणामकारक उपचार आहे, पण तो वेगळ्या टाकीत, रोज मोजून करायचा. मुख्य टाकीत ओतलेले तांबे खडक शोषून घेतात. त्या दगडांत पुढे कोळंबीसारख्या जिवांना सुखाने ठेवता येत नाही.

टाकीतच तयार होणारी विषेही आहेत. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. जाड वाळूच्या तळाशी प्राणवायू नसला की जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. खडक हलवताना काळी पडलेली वाळू ढवळली गेली आणि कुजक्या अंड्याचा वास आला, तर मासे मिनिटांत मरू शकतात. बॉक्सफिश घाबरला किंवा मेला की अंगातून विष सोडतो आणि स्वतःसह शेजाऱ्यांनाही मारतो. समुद्रकाकडी पंपात अडकून फाटली तरी तोच परिणाम. असे प्राणी लहान टाकीसाठी विकूच नयेत.

रोगांमध्ये ‘एकाएकी’ या शब्दाला सर्वाधिक पात्र ठरतो तो अ‍ॅमिलूडिनियम, दुकानांतल्या भाषेत वेल्व्हेट. हा एकपेशीय परजीवी आधी कल्ल्यांत बसतो. अंगावर सोनेरी-करडी भुकटी दिसेपर्यंत कल्ले निकामी झालेले असतात. पुष्कळदा भुकटी दिसतच नाही. मासा खाणे सोडतो, पंपाच्या प्रवाहासमोर उभा राहतो, प्रकाश टाळतो आणि एक-दोन दिवसांत जातो. परजीवी पोट भरल्यावर खाली गळतो, विभागत जातो आणि एकेका गाठीतून २५६ पर्यंत पोहणारी पिल्ले बाहेर पडतात, म्हणून पहिल्या माशानंतर काही दिवसांत सगळी टाकी रिकामी होते. क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे समुद्री व्हाइट स्पॉट, त्यापेक्षा सावकाश चालतो. त्याचे ठिपके काही दिवसांनी आपोआप नाहीसे होतात आणि मासा बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात परजीवी वाळूत उतरून वाढत असतो. पुढची लाट आधीच्यापेक्षा मोठी येते. क्लाउन फिशच्या अंगावर दाट चिकट स्राव येऊन कातडी सुटू लागली तर ब्रूक्लिनेला या तिसऱ्या परजीवीची शंका घ्यावी.

कधी कारण टाकीपर्यंत येण्याआधीच घडून गेलेले असते. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून प्रवाळ खडकांत सोडियम सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत पसरली आणि पुढे इंडोनेशियातही गेली. सायनाइड पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. त्यातून वाचलेला मासा वरवर तेजस्वी दिसतो, खातोही, आणि काही आठवड्यांनी मरतो. अशा उशिरा येणाऱ्या मृत्यूंशी या पद्धतीचा संबंध जोडला जातो. त्यामुळे पैदाशीचे मासे घेणे हा सर्वांत शहाणा मार्ग आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउन फिशच्या अनेक जातींची बंदिस्त पैदास साध्य केलेली आहे, आणि पैदाशीचा क्लाउन फिश समुद्रातून पकडलेल्यापेक्षा टाकीत कितीतरी सहज रुळतो. प्रवाळ आणि समुद्रघोडे तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. मालवणहून किंवा नेत्राणी बेटाजवळून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे.

आता शवाकडे वळता येते. मासा मेल्यावर तासाभराच्या आत, किंवा मरू घातलेला असतानाच, कल्ल्याचा छोटा तुकडा काचपट्टीवर टाकीच्या पाण्याच्या थेंबात ठेवून शंभरपट मोठा करून पाहिला तर वेल्व्हेटचे गोल, गडद परजीवी ओळखू येतात. त्यासाठी महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. तपासणी पुढे पाठवायची असेल तर मासा पिशवीत घालून बर्फावर ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही. गोठल्यावर पेशी फुटतात आणि निदान अवघड होते. दुसरा मासा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवता येतो. सोबत आधी भरून ठेवलेले पाणी, मृत्यूंच्या वेळा आणि गेल्या आठवड्यात टाकीत व घरात काय बदलले याची नोंद. रंगकाम, फवारणी, नवा मासा, नवे मीठ, वीजखंड, सगळेच त्यात येते. रत्नागिरीत शिरगावला आणि मंगळूरला मत्स्य महाविद्यालये आहेत; माशांच्या रोगांची जाण असलेली माणसे सीमाभागाला तिथे भेटू शकतात.

कारण परजीवी निघाले तर टाकी लगेच भरायची नसते. सगळे मासे वेगळ्या टाकीत नेऊन उपचार करायचे आणि मुख्य टाकी माशांशिवाय ठेवायची. यजमान मिळाला नाही की पोहणारी पिल्ले काही दिवसांत मरतात, पण वाळूतल्या गाठी आठवडेच्या आठवडे टिकतात. म्हणून ही रिकामी मुदत किमान सहा आठवडे, शक्यतो अडीच महिने असावी. या काळात कोळंबी, खेकडे आणि गोगलगायी मुख्य टाकीतच राहू शकतात. त्यांना थोडे खाद्य घालत राहिले की अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंचीही उपासमार होत नाही.